लपण

पहिल्याच दिवशी चाँदपाशानं सांगितलं,
मॅडम, साबण नको. डोक्याला तेल नको.
पावडर तर नकोच नको.
आठवडाभर मी कोरड्या केसांनी घरात वावरले
आणि सासू शेजारणीला म्हणाली,
हिच्या हापिसात कुणी मेलं की काय.

मेलं नव्हतं. मरायचं होतं.
परवानगीचा कागद माझ्या खिशात,
रानडुक्कर, नग एक,
मुदत पंधरा दिवस,
वनरक्षकाच्या समक्ष.
समक्ष म्हणजे मी.

तंबू त्यानं हैदराबादहून आणलेला.
परातीएवढा गुंडाळलेला,
पिशवीतून काढला की फट्‌दिशी उभा राहायचा.
कापडावर पानं छापलेली,
कुठल्यातरी थंड मुलखातली, बोटं असलेली पानं.
केवळाबाईनं हात लावून बघितला,
म्हणाली, ह्ये झाड आपल्याकडं नाई.
मग तिनंच तुराट्यांचा भारा आणला,
चहूअंगानं टेकवला
आणि लपण आमच्या शिवारातलं झालं.

सिद्धेश्वरच्या कालव्याखालचा उन्हाळी भुईमूग.
रोज सकाळी एक कोपरा उलथलेला,
वेल वर, शेंगा गायब,
टरफलं मात्र नीट एका जागी,
जशी जेवून उठलेली माणसं ठेवतात.

चाँदपाशा चिमूटभर ज्वारीचं पीठ हवेत सोडायचा.
पीठ जिकडं उडेल
त्याच्या उलट अंगाला खिडकीचं तोंड.
वारं फिरलं की लपण उचलायचं.
चैत्राचं चांदणं, पायाखाली हरळी,
आणि घर डोक्यावर घेऊन चाललेली दोन माणसं,
एकमेकांशी न बोलता.

आत दोन स्टुलं.
त्याच्या गुडघ्याचा कट्‌.
माझ्या पोटाची गुरगुर.
दुसऱ्या रात्री कळलं, त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय.
कुठला डोळा, विचारलं.
नेमाचा नाई, म्हणाला.
कागदावर हे कुठंच नव्हतं.

तिसऱ्या रात्री तो आला. खिडकीकडून नाही.
मागून.
आधी तुराटी मोडली,
मग कापड माझ्या पाठीला लागलं,
गरम, पुढं-मागं, पुढं-मागं.
श्वास होता, माझा नव्हता.
मधे एक कापड
आणि त्यावर परक्या देशाची पानं.
त्यानं मला सावकाश वाचून काढलं,
कोरडे केस, दुपारची भाकर, ठेचा,
परवा सुरू झालेली पाळी,
अन् जे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं,
की मला अंधाराचं भ्या वाटतं.
चाँदपाशानं बंदुकीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.
वळायला जागाच नव्हती.
मग फुस्स केलं त्यानं, आणि गेला.
घाईनं नाही.

पाचव्या रात्री लपण बांधाकडं हलवलं
तर तो जुन्या जागी आला,
जिथं आम्ही बसलो होतो तिथं,
माझ्या डब्यातून सांडलेले फुटाणे हुंगत.

बार झाला.
कालव्यापलीकडची सगळी कुत्री एकदम बोलली.

चाँदपाशा जवळ गेला नाही.
माझं काम नळीच्या टोकापर्यंत, म्हणाला,
आणि पाठ करून बसला, बंदूक पुसत.
ओठ हलत होते. मी विचारलं नाही.
टॉर्च दातांत धरून लिहिलं,
नर. पूर्ण वाढलेला.
उजवा सुळा साडेचार इंच.
डावा तुटका, जुनाच.
कानात छर्ऱ्याचं भोक, भरून आलेलं.
इतर शेरा या रकान्यात
एका ओळीची जागा होती.
जिभेवर फुटाण्याचं साल,
हे मी लिहिलं नाही.

खड्डा, मीठ, चुना.
केवळाबाई कालव्यात कुदळ धुताना म्हणाली,
आणखी हायेत की, आठ-दहा तरी.

तंबू मिटताना त्याला पीळ द्यावा लागतो.
तो पीळ मला कधी जमला नाही.
मागच्या कापडावर, छापील पानांच्या मधोमध,
चिखलाचा एक गोल, त्यात दोन भोकं.
पुसू का, मी म्हटलं.
राहू द्या, चाँदपाशा म्हणाला,
पुढच्या टायमाला कामाला येतो वास.

घरी येऊन टाळूवर तेल थापलं.
सासू म्हणाली, फिटलं का सुतक? कोण होतं?
मी म्हटलं,
नग एक.